बेरोजगार असण्याची ऐपत

सरकारी आकड्यांवर विश्वास ठेवायचा, तर या देशात बेरोजगारीची झळ सगळ्यात कमी लागते ती आदिवासींना. सांख्यिकी मंत्रालयाच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार 2023-24 साली देशातला बेरोजगारीचा दर 3.2 टक्के होता. त्याची सामाजिक गटांप्रमाणे फोड केली की अनुसूचित जमातींचा दर या सरासरीच्याही खाली जातो. कामाला जुंपलेल्या माणसांचं प्रमाण मात्र त्यांच्यात जास्त, आणि बायकांच्या बाबतीत तर फारच जास्त. एखाद्या मंत्र्याच्या भाषणलेखकाला हा तक्ता सापडला तर त्याचं काम सोपं होईल. बाकीच्यांनी जरा थांबून विचारावं, की पोषण, शिक्षण, जमीन, आयुर्मान अशा प्रत्येक यादीत तळाला असणारी माणसं याच एका यादीत वर कशी येतात?

उत्तराचा एक भाग मोजण्याच्या पद्धतीत आहे. बेरोजगारी कशी मोजायची हा प्रश्न पन्नासेक वर्षांपूर्वी मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या समितीपुढे होता. आपल्यासारख्या देशात निम्म्याहून जास्त माणसं कुणाच्या पगारपत्रकावर नसतात, त्यामुळे पाश्चात्त्य देशांची एकच एक फूटपट्टी इथे चालणार नाही, असं त्या समितीनं सांगितलं. मग वर्षाची, आठवड्याची आणि दिवसाची अशा तीन मापांनी मोजणी सुरू झाली. वर दिलेला 3.2 टक्क्यांचा आकडा वर्षाच्या मापाचा. त्या मापात वर्षभरात तीस दिवस दुय्यम काम केलेला माणूसही रोजगारातच धरला जातो. आठवड्याच्या मापात तर सात दिवसांत एक तास काम पुरतं. बेरोजगार ठरायला दोन गोष्टी लागतात: हाताला काम नसणं, आणि तरीही ते शोधत किंवा त्याची वाट पाहत असणं. यातली दुसरी अट फार खर्चिक आहे. मनासारखं काम मिळेपर्यंत घरी बसायचं तर घरात कुणीतरी कमावतं लागतं, नाहीतर कोठीत धान्य लागतं. ज्याच्याकडे दोन्ही नाही तो मिळेल ते काम मिळेल त्या दरानं करतो आणि तक्त्यात ‘रोजगारप्राप्त’ या रकान्यात जाऊन बसतो.

माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे. आदिवासी मजुराच्या बाबतीत काम आहे की नाही हा प्रश्नच दुय्यम आहे. त्याचं काम तो करण्याच्या कितीतरी आधी विकलं गेलेलं असतं. ते कुणी, केव्हा आणि केवढ्याला विकत घेतलं, हे कुठलंच सर्वेक्षण विचारत नाही.

रायगड जिल्हा घेऊ. मुंबईला खेटून असलेला हा जिल्हा. न्हावाशेव्याचं बंदर, रसायनी-पाताळगंगेचे कारखाने, महाडची औद्योगिक वसाहत आणि आता पनवेलजवळचा विमानतळ, सगळं इथेच आहे. रोजगारनिर्मितीचे पोवाडे गावेत असा हा प्रदेश. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात दर शंभरामागे अकरा-बारा माणसं आदिवासी होती. त्यात ठाकर आहेत, महादेव कोळी आहेत आणि कातकरी आहेत. ठाकरांकडे निदान वरकस जमिनीचे तुकडे आहेत. ते नाचणी-वरी पिकवतात, भाजी करतात, माथेरानच्या पायथ्यापासून कर्जतच्या बाजारापर्यंत ती विकतात. कातकऱ्याकडे बहुधा घराखालची जागाही स्वतःची नसते. वाडी असते ती गावातल्या कुणाच्या तरी मालकीच्या माळावर. पूर्वी त्या मालकालाच मजूर हाताशी हवे असत, म्हणून त्यानं त्यांना वसू दिलं. आता माळाला फार्महाऊसवाल्याचा भाव आला, तेव्हा त्याच जमिनीला तारेचं कुंपण पडू लागलं.

कातकरी हा राज्यातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. महाराष्ट्रात 2011 साली कातकऱ्यांची संख्या पावणेतीन लाखांच्या पुढे होती. खैराच्या झाडाचा कात काढणं हा त्यांचा मूळ धंदा. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली तसा तो धंदा आटला. मग शेठ-सावकारांसाठी लाकूडतोड आणि कोळशाच्या भट्ट्या आल्या. त्याही मंदावल्यावर आल्या वीटभट्ट्या. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ठाणे, कल्याण, पनवेल, नवी मुंबई ज्या विटांनी उभी राहिली, त्यातल्या किती कातकऱ्यांच्या हातच्या आहेत याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

भट्टीचं अर्थकारण तपशिलानं पाहण्यासारखं आहे, कारण सगळी मेख तिथेच आहे.

कोकणात आषाढात भाताची लावणी होते. त्या तीन-चार आठवड्यांत मजुराला मागणी असते, रोजही बरा मिळतो. लावणी संपली की श्रावण-भाद्रपदात हाताला काहीच नसतं. कापणी अजून दोन महिने लांब. घरातलं संपलेलं, पाऊस चालू, पोरं आजारी पडायचे हेच दिवस, आणि डोक्यावर गणपती. नेमका याच सुमाराला शेठचा मुकादम वाडीवर येतो. नवरा-बायकोच्या जोडीला तो रोख पैसे देतो, दहा-पंधरा हजारांपासून पुढे. कुठे याला बयाणा म्हणतात, कुठे उचल. कागद नाही, जामीन नाही, बँकेची खेप नाही. दिवाळीनंतर भट्टीवर यायचं, एवढाच शब्द.

दिवाळीनंतर टेम्पो येतो. पातेली, गोधड्या, कोंबड्या, पोरं, सगळं बिऱ्हाड त्यात चढतं. भट्टीवर पेंढ्याची, नाहीतर कच्च्या विटाच एकावर एक रचून केलेली खोपटी. चिखल आदल्या संध्याकाळी तुडवून ठेवायचा, पहाटे दोन-तीनला उठून साचा धरायचा आणि ऊन चढेपर्यंत विटा पाडायच्या. एकानं गोळा करून द्यायचा, दुसऱ्यानं थापायचा, लहान पोरांनी सुकत घातलेल्या विटा उलटायच्या. हिशेब हजारी. म्हणजे हजार विटांमागे अमुक रुपये, आणि तो एका माणसाचा नव्हे तर जोडीचा. बाईची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही. आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते, ती तेल-मीठ-तांदूळ आणण्यापुरती. मार्चमध्ये अवकाळी पाऊस पडून कच्च्या विटांचा गारा झाला तर तो तोटा पाडणाऱ्याच्या खात्यावर. पावसाच्या तोंडावर वही उघडते. पाडलेल्या विटांच्या रकमेतून उचल वजा, खर्ची वजा, आजारपणात दिलेले वजा. हातात काही उरलं तर उरलं. पुष्कळदा ‘फिरतं’, म्हणजे मजुराच्याच अंगावर बाकी निघते आणि ती पुढच्या हंगामात ओढली जाते. वही शेठची, हस्ताक्षर शेठच्या माणसाचं, आणि ती वाचता येईल असं समोर कुणी नाही.

या सहा-सात महिन्यांत सर्वेक्षणवाला भट्टीवर आला तर त्याला काय दिसेल? नवरा, बायको, दोघंही कामात. बेरोजगारी शून्य.

आपला कायदा याला रोजगार म्हणत नाही. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानुसार आगाऊ रकमेच्या बदल्यात दुसरीकडे काम करायचं किंवा कमी मजुरी नाकारायचं स्वातंत्र्य गमावणं म्हणजे वेठबिगारी. ते कर्ज वेठीचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारीही कायद्यानं सावकारावर टाकली आहे. 1982 साली एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती आणखी पुढे गेले. किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करायला माणूस तयार होतो तेव्हा त्याच्यामागे भुकेची सक्ती असते, आणि घटनेच्या 23 व्या कलमाला ही सक्तीही वर्ज्य आहे, असा तो निकाल. निकाल थोर आहे. पण 2016 च्या केंद्रीय योजनेत सुटका झालेल्या प्रौढ पुरुषाला एक लाख रुपयांचं पुनर्वसन मंजूर झालं, ते पूर्ण हाती पडायला मालकावर गुन्हा शाबीत होण्याची अट आली. कोर्टात खटला किती वर्षं चालतो हे आपण जाणतोच. तोवर पुढचा गणपती येतो.

यात नवीन काही नाही. गोदावरी परुळेकरांनी 1945 साली वारल्यांना संघटित केलं तेव्हा ठाणे जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी जन्मभर जमीनदाराकडे राबणारे लग्नगडी होते. ती प्रथा मोडली. पुढे वसई-भिवंडीकडे श्रमजीवी संघटनेनं शेतावरचे वेठबिगार सोडवले. दर वेळी एक मालक गेला आणि दुसऱ्या धंद्यातला मालक आला, कारण पावसाळ्यात रोख पैसे देणारा दुसरा कुणी उभा राहिलाच नाही. 2022 साली इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांना थोडक्या पैशांवर मेंढपाळांकडे राबायला पाठवल्याचं उघडकीला आलं. एका मुलीचा जीव गेला, तेव्हा कुठे बातमी झाली. नातं तेच: आधी रक्कम, मग माणूस.

यावर एक उत्तर तयार असतं: रोजगार हमी. आणि ते महाराष्ट्रानंच देशाला दिलेलं. वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला, 1972 च्या दुष्काळानं त्याला राज्यव्यापी रूप दिलं, 1977 साली कायदा झाला आणि 2005 साली दिल्लीनं तो उचलला. या योजनेबद्दल मला आदर आहे. मागेल त्याला काम देणं हा मजुराच्या हाती दिलेला नकाराचा अधिकार होता. शेठचा दर पटला नाही तर सरकारी कामावर जाईन, असं म्हणता येणं ही लहान गोष्ट नव्हे.

पण योजनेचा जन्म कुठला ते बघा. विसापूर माणदेशाच्या तोंडाशी. तिथला उपासमारीचा काळ उन्हाळ्याचा, आणि उन्हाळ्यात माती उकरायला, नालाबांध घालायला अडचण नसते. कोकणातला उपासमारीचा काळ पावसाळ्याच्या उत्तरार्धातला. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात भाद्रपदात कुठला नालाबांध घालणार? हमीची कामं निघतात ती पौष-माघानंतर, आणि तोवर वाडीत म्हातारी-कोतारी आणि कुलुपं लावलेली दारं उरलेली असतात. दुष्काळी पठाराचं औषध कोकणात आणताना ऋतू बदलायचा राहून गेला. पन्नास वर्षांत या चुकीकडे फारसं कुणी गंभीरपणे पाहिलेलं मला दिसत नाही.

दुसरं, हमीचा पैसा मागून येतो. नमुना चार भरा, पोच घ्या, रोजगार सेवक भेटेल तेव्हा भेटेल, हजेरीपट निघेल, मोजमाप होईल, मग खात्यात पैसे. कायद्यात पंधरा दिवस लिहिलेत. प्रत्यक्षात काय होतं ते कुठल्याही तालुक्याच्या पंचायत समितीबाहेर उभं राहिलं की कळतं. 2024-25 साली महाराष्ट्रात या कामाचा दर दिवसाला 297 रुपये होता. शेठच्या भट्टीवर पडतं त्याहून तो कदाचित जास्तही भरेल. तरी कातकरी शेठकडे जातो, आणि ते अडाणीपणामुळे नव्हे. शेठ आधी देतो, सरकार नंतर देतं. ज्याच्या घरात आज चूल पेटायची आहे त्याच्या लेखी या दोन रकमांची तुलनाच होत नाही.

हा खेळ एकट्या कातकऱ्यांचा नाही. नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी अल्पसंख्य नाहीत; तिथे दर तिघांत दोन माणसं आदिवासी आहेत. तरी तिथले भिल्ल-पावरा दरवर्षी उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. यान ब्रेमन या डच अभ्यासकानं दक्षिण गुजरातेतल्या खानदेशी ‘कोयत्यां’वर लिहिलं. बार्डोलीच्या साखर कारखान्यांना जवळच्या गावातले स्थानिक हळपती मजूर नको असतात, लांबून आणलेले हवे असतात, कारण लांबच्या मजुराला पळून जायला घर जवळ नसतं, हे त्यानं दाखवलं. म्हणजे संख्येनं कमी असणं हे दुबळेपणाचं एकमेव कारण नाही. जमीन आणि पावसाळ्यातला रोख पैसा ज्यांच्या हाती नाही, ते आपल्याच जिल्ह्यात बहुसंख्य असूनही बाहेर जाऊन अल्पसंख्य होतात.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. आदिवासी बेरोजगार दिसत नाहीत असं वर म्हटलं, त्याला एक मोठा अपवाद आहे: शिकलेली पोरं. आश्रमशाळेतून बारावी, मग पदवी, मग डी.एड., मग तालुक्याच्या अभ्यासिकेत भरतीच्या जाहिरातीची वाट. ही मुलं तक्त्यात बेरोजगार म्हणून येतात. मला यात काही अंशी चांगली खूण दिसते, हे ऐकायला विचित्र वाटेल. आईबापांनी सहा महिने भट्टीवर काढून, नाहीतर दोन एकर वनपट्ट्यावर भागवून, या पोराला वाट पाहण्याची मुभा विकत घेऊन दिलेली असते. नकार देण्याची ऐपत घरात पहिल्यांदाच आलेली असते. म्हणून तिची राज्यानं जी किंमत केली ती जास्त संतापजनक आहे.

राज्य नोकऱ्यांत अनुसूचित जमातींना सात टक्के जागा आहेत. त्यातल्या किती खऱ्या आदिवासींकडे गेल्या? नामसाधर्म्याचा आधार घेऊन आदिवासी म्हणून नोकरीत घुसलेल्यांचा प्रश्न 1994 च्या माधुरी पाटील निकालापासून कोर्टात आहे. जुलै 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जातीचा दावा खोटा ठरला तर नोकरीचं संरक्षण नाही. त्यावर महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर 2019 मध्ये काय केलं, तर अशा कर्मचाऱ्यांसाठी ‘अधिसंख्य’ पदं निर्माण करून त्यांना तिथे बसवलं. रिकाम्या होणाऱ्या साडेबारा हजारांच्या आसपास जागा खऱ्या आदिवासींमधून भरायच्या होत्या. ती भरती वर्षानुवर्षं रखडली. इकडे कातकरी पोरानं जातीचा दाखला काढायचा म्हटलं तर 1950 पूर्वीचा पुरावा दे. त्या सालात त्याचा आजोबा कुणाच्या तरी कोळशाच्या भट्टीवर जंगलात होता. शाळेच्या रजिस्टरात त्याचं नाव नाही, सातबाऱ्यावर तर नाहीच. कागद ज्यांना जमवता आले त्यांनी ते जमवले, खोटेसुद्धा. आदिम जमातीचा म्हणून ज्याला बघताच ओळखतात, तो मात्र तहसीलच्या खिडकीवर पुराव्याअभावी परत जातो.

अनुसूचित क्षेत्रातल्या भरतीचंही तेच. तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक अशी सतरा संवर्गांची पदं स्थानिक आदिवासींमधून भरायची अशी अधिसूचना राज्यपालांनी काढली होती. 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं आंध्रातल्या अशाच शंभर टक्के आरक्षणाचा आदेश रद्द केला, आणि त्याची छाया इकडे पडली. परीक्षा झालेल्या, निवड झालेली, नेमणूक नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ, स्वतः आदिवासी आणि सत्ताधारी पक्षातले, यांनी मंत्रालयात तिसऱ्या मजल्यावरून संरक्षक जाळीवर उडी घेतली. धनगरांना अनुसूचित जमातींत घेऊ नये या मागणीबरोबर ही रखडलेली भरतीही त्या आंदोलनात होती. उपाध्यक्षपदावरच्या माणसाला ज्या राज्यात दाद मागायला जाळीवर उडी मारावी लागते, तिथे मोखाड्याच्या पोरानं अर्ज कुणाकडे करायचा? तडजोड म्हणून मानधनावर नेमणुका देण्याचं ठरलं. म्हणजे कायम नोकरीच्या जागी हंगामी रक्कम. भट्टीच्या वहीशी तिचं थोडं नातं लागतंच.

जंगलावरचा हक्क मिळाला तर चित्र पालटतं, असं कुणी म्हणेल, आणि गडचिरोलीतलं मेंढा-लेखा पुढे करेल. रास्त आहे. तिथल्या गोंड ग्रामसभेला 2009 साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, 2011 पासून गावानं स्वतःचा बांबू स्वतः विकला. बांबूतोडीची मजुरी गावानंच ठरवली, कधी तोडायचा तेही. तिथे रोजगार वाढला हे खरं, पण त्याहून मोलाची गोष्ट अशी की कामाचं कॅलेंडर गावाच्या हाती आलं. मात्र मेंढ्याकडे अठराशे हेक्टर होते. सुधागड-कर्जतच्या कातकरी वाडीला दावा सांगायला असं जंगल क्वचितच उरलंय, आणि वाडीची जमीनच दुसऱ्याच्या नावावर. त्यांना दुसरा काहीतरी आधार हवा.

तो आधार राज्याला एके काळी सुचला होता, हे विशेष. 1978 पासून महाराष्ट्रात खावटी कर्ज योजना होती. पावसाळ्यात आदिवासीनं सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून आदिवासी विकास महामंडळानं धान्य आणि रोख असं थोडं कर्ज द्यायचं. शेठच्या उचलीला बरोबर त्याच महिन्यांत सरकारी उचल, ही कल्पना ज्या अधिकाऱ्याच्या डोक्यात आली त्याला भट्टीचं अर्थशास्त्र कळलेलं होतं. योजना चालली ती सरकारी चालीनं. रक्कम तुटपुंजी, वाटप उशिरा, वसुली जवळजवळ नाही, मग कर्जमाफी, मग योजनाच गुंडाळली. 2020 साली टाळेबंदीनंतर ती अनुदान म्हणून पुन्हा आली. कुटुंबाला चार हजार, त्यातले दोन हजार वस्तूंच्या रूपात. सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर झालेली ही मदत पुरती पोचायला पुढचं साल उजाडलं. एक अख्खा वीटहंगाम मध्ये निघून गेला.

आकडेमोड करून पाहू. राज्यातले कातकरी पावणेतीन-तीन लाख धरले तर कुटुंबं होतात सत्तर हजारांच्या आत-बाहेर. प्रत्येक कुटुंबाला आषाढात पंधरा हजार रुपये बिनव्याजी द्यायचे तर लागतात शंभर कोटींहून थोडे जास्त. राज्याचा वर्षाचा आदिवासी विकासाचा नियतव्यय दहा हजार कोटींच्या पुढे आहे. पैसे बुडतील, हा आक्षेप येईल. काही बुडतील. निम्मे बुडाले तरी पन्नास-साठ कोटींत सत्तर हजार घरांना मुकादमाला ‘यंदा दर सांग, मग बघू’ म्हणता येईल, आणि भट्टीचा हजारी दर त्या एका वाक्यानं जेवढा वाढेल तेवढा कामगार निरीक्षकाच्या दहा फेऱ्यांनी वाढणार नाही. भट्टीवर मग कुणी जाणार नाही असं नाही. जातील, पण वही उघडताना उलट विचारतील. मात्र वस्तूंचे संच आणि त्यांची कंत्राटं यात नकोत, पूर्ण रक्कम रोख हवी, बाईच्या खात्यात, आणि नागपंचमीच्या आत. घटस्थापनेला पोचलेले पंधरा हजार मुकादमाच्या आधीच्या उचलीत वळते होतात.